समितीवर कोण बसले, हे विचारायला शिका



मागे मेडशीच्या बैठकीत मी विधिमंडळाच्या समित्यांचा विषय काढला, तेव्हा शेवटच्या रांगेतले एक काका उठून उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, समितीत कोन बसला न् कोन उठला, हे घेऊन आमी काय करावं? आमाले सोयाबीनचा भाव पायजे." सभेत हशा पिकला. मीही हसलो. पण काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. या वेळचे संपादकीय म्हणजे काकांना दिलेले उत्तर आहे.

काकांचे सोयाबीनच घ्या. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये. बाजारातला भाव त्याच्या खाली. सरकारी खरेदी सुरू झाली, तर आधी ओलाव्याची अट आडवी आली आणि पुढे बारदाना संपला. माल घेऊन आलेला शेतकरी केंद्राबाहेर ताटकळला. आता मला सांगा, बारदाना किती लागणार होता, किती मागवला, कोणी मागवायचा होता, हे खात्याच्या सचिवाला समोर बसवून आणि फाइल उघडायला लावून विचारणार कोण? आपण मोर्चा काढतो, तहसीलदार निवेदन घेतो आणि पोच देतो. आमदार सभागृहात प्रश्न विचारतो, मंत्री दोन मिनिटांत उत्तर देऊन खाली बसतो. कागद मागवण्याचा, अधिकाऱ्याची साक्ष घेण्याचा आणि त्यावर अहवाल लिहिण्याचा अधिकार आहे तो विधिमंडळाच्या समितीला. म्हणून काका, समितीत कोण बसला याच्याशी तुमच्या सोयाबीनचा संबंध आहे.

दोन तऱ्हेच्या समित्या

समिती हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यात त्याचा दोष नाही. काही मागितले की सरकार समिती नेमते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कर्जमाफीसाठी नागपुरात आंदोलन पेटले, तेव्हाही सरकारने ३० जून २०२६ ही तारीख दिली आणि प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही झाली सरकारची समिती. सरकारच माणसे निवडणार, सरकारच मुदत ठरवणार आणि अहवालही सरकारच्याच टेबलावर जाणार.

विधिमंडळाची समिती वेगळी. ती सरकारचा हिशोब घेण्यासाठी असते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकाचा अहवाल हातात घेऊन झालेला खर्च तपासते. अंदाज समिती अर्थसंकल्पात धरलेल्या रकमा योग्य होत्या का ते पाहते. महावितरण, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ असल्या सरकारी उपक्रमांचे कामकाज सार्वजनिक उपक्रम समितीपुढे येते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कारभार पंचायत राज समिती पाहते, जिला आपल्या गावात सारे 'पीआरसी' म्हणून ओळखतात. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, याची नोंद आश्वासन समिती ठेवते. हे नीट लक्षात घ्या: निवडणुकीच्या सभेत दिलेले आश्वासन या समितीच्या वहीत येत नाही, सभागृहात दिलेलेच येते. रोजगार हमीच्या कामांसाठी तर आपल्या राज्यात विधिमंडळाची वेगळी समिती आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या मजुराच्या पोटाचा विचार विधिमंडळाच्या उच्चासनावरून झाला, असा आपल्या राज्याचा इतिहास आहे.

म्हणजे अवजार चांगले आहे. ते कोणाच्या हातात द्यायचे, हे कोण आणि कसे ठरवतो, एवढाच प्रश्न उरतो.

निवड होते कशी?

आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत, विधान परिषदेत ७८. समित्यांवर विधानसभेचे सदस्य विधानसभेचे अध्यक्ष नेमतात, परिषदेचे सदस्य परिषदेचे सभापती नेमतात. समितीप्रमुखाची नेमणूकही वरूनच होते. नावे येतात पक्षांच्या गटनेत्यांकडून. ज्या पक्षाचे संख्याबळ जास्त, त्याच्या वाट्याला जागा जास्त. सभागृहात मतदान होत नाही. अमुक आमदाराला अमुक समितीवर का घेतले, याचे कारण कोणी सांगत नाही, आणि खरे बोलायचे तर आपणही कधी विचारत नाही.

संख्याबळाचे गणित मांडून पाहा. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. बेरीज २३०. समोर ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १०, मिळून ४६. समजा विधानसभेच्या २० आमदारांची एक समिती केली, तर या प्रमाणात तिन्ही विरोधी पक्षांच्या वाट्याला येतात तीन माणसे. सरकारचा हिशोब तपासायचा आणि तपासणारे बहुतेक सारे सरकार पक्षाचे! लोकांनीच कौल तसा दिला, हे मान्य. मात्र कौल राज्य चालवण्याचा दिला होता. हिशोब न देण्याचा कौल कोणी देत नसतो.

हा तोल राखण्यासाठी एक चांगला प्रघात आहे. लोकलेखा समितीचा प्रमुख विरोधी पक्षाचा असावा. दिल्लीत तो १९६७ पासून चालत आला. मिनू मसानी हे विरोधी बाकावरून आलेले पहिले अध्यक्ष. आपल्याकडेही सुधीर मुनगंटीवार विरोधात असताना ते पद त्यांच्याकडे होते आणि २०२५ मध्ये ते काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांकडे गेले. पक्ष दोन, तऱ्हा दोन, पण प्रघात टिकला, याचा आनंद आहे. तरीही प्रघात म्हणजे कायदा नव्हे. पाळला तर पाळला.

बाकीच्या समितीप्रमुखांचे काय? २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या राज्यात ती होते ४३. सत्तेच्या बाजूला २३० आमदार आणि खुर्च्या ४३. उरलेल्या रुसलेल्या पाहुण्यांना काहीतरी मानपान करावा लागतो. मग कोणाला महामंडळ, कोणाला समिती. ज्या जागी हिशोबनीस बसवायचा, तिथे लग्नातला शेला-पागोट्याचा मान वाटला जातो. काही प्रमुख कामाचे निघतात, तो त्यांचा चांगुलपणा. पद्धतीचे त्यात काही श्रेय नाही.

आपण सोयाबीन पेरण्याआधी काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठ दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर उगवले तर पेरणी, त्याच्या खाली आले तर एकरी बियाणे वाढवायचे नाहीतर बियाणे बदलायचे. एक पोते बियाण्यासाठी एवढी पारख करणारा माणूस, लाखो कोटींच्या अर्थसंकल्पाचा हिशोब घेणाऱ्यांची उगवण कधी मोजत नाही.

एका सामूची गोष्ट

कृषी पदवी घेऊन मी काही वर्षे एका कार्यालयात नोकरी केली. तिथे एकदा समितीचा दौरा लागला. आठ दिवस आधीपासून शेतकऱ्याचे काम बंद. बांधांना चुना मारला, प्लॉटवर नवे फलक ठोकले, गावरान कोंबड्यांचा शोध सुरू झाला. आम्हा कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घेतली गेली. पावती अर्थातच नाही. समिती आली, हारतुरे झाले, जेवणाची वेळ झाली. सारे उठू लागले तेवढ्यात एक वयस्कर सदस्य म्हणाले, "माती परीक्षणाची नोंदवही दाखवा." त्यांनी वही उघडली आणि पाने उलटत गेले. एका पानावर सामू ७.८, दुसऱ्या पानावर सामू ७.८, तिसऱ्यावरही तोच. त्यांनी शांतपणे विचारले, "डोंगरउताराची बरड जमीन आणि नाल्याकाठची काळी, दोन्हीचा सामू एकच?" साहेबांना घाम फुटला. नमुने तपासलेच नव्हते. घरात बसून आकडे भरले होते आणि त्या आकड्यांवर शेतकऱ्यांना खतांच्या मात्रा लिहून दिल्या होत्या. त्या वहीवरची खाली मान घातलेली एक सही माझ्याही ओळखीच्या माणसाची होती. मला त्या दिवशी जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

बाकीच्या सदस्यांनी त्या दिवशी काही विचारले नाही. एका माणसाने प्रश्न विचारला म्हणून खोटेपणा उघडा पडला. पुढच्या वर्षी समिती नव्याने नेमली गेली, तेव्हा ते सदस्य तिच्यात नव्हते. का नव्हते? कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. ज्याने वही उघडली तो गेला, आणि वह्या पूर्वीसारख्या भरल्या जाऊ लागल्या. त्या दिवसापासून मला कळले की समितीचे नाव, तिचे अधिकार, तिचे नियम यांच्या इतकेच महत्त्व आहे ते तिच्यात कोणाला बसवले याला.

या दौऱ्यांचे पुढे काय झाले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. समितीच्या प्रमुखांनी आरोप नाकारले, सरकारने चौकशी जाहीर केली. रक्कम कोणाची आणि कशासाठी, हे ठरवणे तपास यंत्रणेचे काम आहे, या पानाचे नव्हे. मला बोचले ते वेगळेच. बातमी वाचून गावातल्या पारावर कोणाला आश्चर्य वाटले नाही. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या विधान भवनात देशभरातल्या अंदाज समित्यांची परिषद भरली. तिची बातमीही आपण तितक्याच थंडपणे वाचली. कुंपणच शेत खाते हे आपण धरूनच चाललो आहोत. लोकांनी समितीकडून काही अपेक्षाच ठेवली नाही, तर समितीला तरी कोणाचा धाक?

विश्वास गेला की अहवाल कागद उरतो

निवडीवर विश्वास नसला तर चांगल्या कामाचीही माती होते. २०२० चे तीन कृषी कायदे आठवा. ते बाजूने होते की विरोधात, हा वाद आज बाजूला ठेवू. राज्यसभेत त्यातली दोन विधेयके निवड समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मानली गेली नाही आणि २० सप्टेंबर २०२० ला गोंधळात आवाजी मतदान झाले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती देऊन चौघांची समिती नेमली. त्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी सांगितले, चौघेही कायद्यांच्या बाजूचे आहेत, आम्ही समितीपुढे जाणार नाही. चौघांपैकी भूपिंदरसिंग मान बाहेर पडले. उरलेल्यांनी अहवाल दिला, तो बंद पाकिटात राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदेच मागे घेण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२२ मध्ये घनवटांनी अहवाल स्वतःच जाहीर केला. तोवर वरातीमागून घोडे आले होते. अहवालात काय आहे, हे वाचायला कोणी थांबले नाही, कारण माणसे कशी निवडली यावरच लोकांचा विश्वास बसला नव्हता.

उलट उदाहरणही पाहा. संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये हमीभावाला कायद्याचे बळ द्यावे अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष काँग्रेसचे चरणजितसिंग चन्नी, पण समितीत साऱ्या पक्षांचे खासदार. शिफारस कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. आपल्यातही त्यावर मतभेद आहेत. तरी सरकारला ती एका पक्षाची ओरड म्हणून झटकता येत नाही. समितीचे वजन असे येते.

चौदा आमदारांचे गणित

मग निवड कशी व्हावी? लोकसभेत लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम या तीन समित्यांची दरवर्षी निवडणूक होते. मंत्र्याला त्यात जागा नाही. मतदान पसंतीक्रमाने, म्हणजे अमरावती पदवीधर मतदारसंघात आपले पदवीधर जसे १, २, ३ आकडे घालतात, तसे.

हीच पद्धत आपल्या विधानसभेत आणली तर काय होईल? २८८ आमदार आणि २० जागा धरल्या, तर निवडून यायला १४ मतांचा कोटा पुरतो. कोणतेही १४ आमदार एकत्र आले, तर ते एक माणूस समितीवर बसवू शकतात, मग गटनेत्याला तो आवडो न आवडो. आता आपले घर मोजा. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ या पाच जिल्ह्यांचे आमदार आहेत ३०. म्हणजे हक्काची दोन माणसे. साऱ्या विदर्भाचे ६२ आमदार, म्हणजे चार. सिंचनाच्या अनुशेषाचे कागद उघडायला चार माणसे कमी नाहीत. माझ्या कार्यालयात वही उघडायला एक पुरला होता.

कोणी म्हणेल, दिल्लीतही पक्ष आधीच जागा वाटून घेतात आणि निवडणूक बहुधा बिनविरोध होते. खरे आहे. पक्षाचा आदेश आपल्या आमदारांच्याही आडवा येईल, हेही खरे. निवडणूक लावली की सारे सुधारेल, असे मी म्हणत नाही. पण दार कुलूपबंद असणे आणि नुसते लोटलेले असणे यात फरक आहे. लोटलेले दार कधीतरी कोणीतरी उघडतो. इंग्लंडच्या पार्लमेंटातही पूर्वी बहुतेक समित्यांचे अध्यक्ष पक्षांचे पुढारीच ठरवत. २०१० पासून ते खासदारांच्या गुप्त मतदानाने निवडले जाऊ लागले. तिथल्या पक्षांना ते फार आवडले असेल असे नाही, पण झाले.

आपली मागणी

म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील ठराव ठेवत आहोत.

१. हिशोब तपासणाऱ्या तीन समित्यांचे सदस्य आमदारांनी पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडावेत. लोकलेखा समितीचा प्रमुख विरोधी बाकावरचा असावा, हा प्रघात नियमात लिहावा.

२. बाकीच्या समित्यांवर नेमणूक होणार असेल, तर गटनेत्याने प्रत्येक नावापुढे त्या विषयातले त्या आमदाराचे काम लिहून द्यावे आणि ते लोकांसाठी जाहीर करावे.

३. ज्याचा धंदा, ठेका किंवा कारखाना समितीच्या विषयात गुंतला आहे, त्याने ते आधी सांगावे आणि त्या विषयापुरते बाजूला बसावे. सदस्याच्या आर्थिक हितसंबंधावर हरकत घेण्याची सोय लोकसभेच्या नियमात आहे, ती इथे नावापुरती नको, वापरात हवी.

४. प्रत्येक सदस्याची हजेरी अहवालात छापावी. न सांगता सतत गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी करावी.

५. दौऱ्याचा खर्च विधिमंडळाने करावा आणि तो जाहीर करावा. कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घेणाऱ्या साहेबावर कारवाई व्हावी.

ठराव मुंबईला पाठवून आपले काम संपत नाही. मेडशी हे नाव एके काळी विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत होते. २००८ च्या पुनर्रचनेत ते गेले आणि आपण रिसोडमध्ये आलो. यादीतले नाव गेले तरी मतदार जागेवरच आहे. रिसोड, वाशिम आणि कारंजा, आपल्या जिल्ह्याचे तीन आमदार. प्रत्येकाच्या घरी पाच-पाच जणांनी जायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे. तुम्ही कोणत्या समितीवर आहात? गेल्या वर्षी तिच्या किती बैठका झाल्या आणि तुम्ही किती बैठकांना होता? तुमच्या समितीने आमच्या जिल्ह्याचा कोणता कागद उघडला? उत्तरे लिहून घ्यायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची. कोणाची निंदा नको, कोणाचा जयजयकार नको. जे सांगतील ते जसेच्या तसे वाचायचे.

आणि बारदान्याचे, ओलाव्याचे, विम्याचे गाऱ्हाणे असेल, तर नुसते निवेदन देऊन थांबू नका. आमदाराकडून ते सभागृहात प्रश्न म्हणून मांडून घ्या. मंत्र्याने "कार्यवाही करू" म्हटले की तो शब्द आश्वासन समितीपुढे जाऊ शकतो. विनंती अर्ज समितीचेही दार आहे. आमदारामार्फत अर्ज मांडता येतो. या वाटा लांब आहेत, मला माहीत आहे. पण त्यांच्यावर कोणी चाललेच नाही, तर त्यांच्यावर बाभळी उगवतात.

काका, २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव जाहीर झाला ५३२८ रुपये. तो कागदावर ठरतो दिल्लीत. पण तुमच्या पोत्याला तो मिळाला की नाही, याची वही राज्यात भरली जाते. ती वही कोण उघडणार, हे ठरते त्या दिवशी आपण सारे झोपेत असतो. पुढच्या वेळी समित्यांची नावे जाहीर होतील तेव्हा पेपरातली ती चार ओळींची बातमी कापून ठेवा, आणि मेडशीच्या बैठकीला येताना सोबत आणा.